राणीछाप, ठिपके आणि घराचं छप्पर : एक प्रकरण

सप्टेंबर २०२३. गणपती नुकतेच गेले होते, पाऊस मात्र जायचं नाव घेत नव्हता. मोबाइलवर एकापाठोपाठ जुन्या नाण्यांचे चौदा फोटो आले आणि खाली एकच ओळ: ‘काका, ह्याचे किती लाख येतील?’

पाठवणारा दाभोळच्या खाडीकाठच्या एका गावातला तिशीतला मुलगा, लोट्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर कामाला. त्याचे चुलते त्या वर्षीच्या शिमग्यानंतर गेले. सगळा तालुका त्यांना गुरुजी म्हणायचा, आम्ही जवळचे अण्णा. प्राथमिक शिक्षक, मूलबाळ नाही. दापोली, मंडणगड, खेड अशा बदल्यांत नोकरी गेली आणि जिथे बदली तिथे नाणी गोळा झाली. मी गुहागरचा, बँकेत कॅशियर होतो. आमची ओळख नाण्यांवरून झाली आणि तीस-बत्तीस वर्षं टिकली.

फोटोतले चांदीचे सात रुपये आरशासारखे चमकत होते. ते बघून माझ्या पोटात गोळा आला. अण्णांच्या पेटीत चमकणारं नाणं नव्हतंच.

‘नाणी जमवणं हा छंद की कमाई’ असं विचारणारे मला महिन्याला दोघं-तिघं तरी भेटतात. इथे एकाच घरात दोन्ही झालं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. नावं गाळली आहेत. आकडे घरच्यांना विचारून, जसेच्या तसे.

गरज खरी होती

दुसऱ्या दिवशी धोपाव्याला फेरीबोट धरली आणि दाभोळला उतरलो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडातल्या घराघरांवरची कौलं पत्त्यांसारखी उडाली होती. ह्या घराची पडवी आणि मागची बाजू तीन पावसाळे उलटले तरी ताडपत्रीखालीच होती. वासे, कौलं, मजुरी धरून सुतारानं सव्वादोन लाख सांगितले होते. पुतण्याच्या डोक्यात हिशोब साधा होता. चांदीचे एकूण ५७ रुपये आणि वर निकेलचे ४. कुठल्याशा व्हिडिओत १८६२ च्या एका रुपयाला दीड लाख म्हणाले होते, म्हणजे दोन विकले तरी छप्पर झालं.

त्याला मी हावरट म्हणणार नाही. ताडपत्रीखाली झोपणाऱ्यानं दीड लाखाचा व्हिडिओ दोनदा बघितला तर त्यात नवल काय?

पण त्याची ही पहिली खेप नव्हती, हे चहा घेताना हळूहळू बाहेर आलं. आदल्या वर्षी त्यानं ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट आणि वैष्णोदेवीचं २०१२ चं पाच रुपयांचं नाणं मोबाइलवरच्या एका जाहिरातीत टाकलं होतं. तासाभरात फोन आला: ११ लाख देतो. आधी नोंदणीचे २,१५० भरा. मग रिझर्व्ह बँकेच्या नावाचं शिक्क्याचं पत्र आलं आणि ‘जीएसटी’चे ८,५०० मागितले. तेही भरले. तिसरी मागणी २५ हजारांची आली तेव्हा ह्यानं फोन बंद केला. गेले १०,६५०. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर सांगितलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कुणाकडून शुल्क किंवा कमिशन घेत नाही. पण ते सूचनापत्र वाडीपर्यंत पोचत नाही, ११ लाखांचा फोन पोचतो.

त्याच सुमाराला त्यानं ‘गुंतवणूक’ म्हणून आणखी दोन वस्तू घेतल्या होत्या. एक रामदरबाराचं चित्र असलेलं, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल घातलेलं नाणं. कंपनी सरकारनं असं नाणं कधी पाडलंच नाही. ही देवळाबाहेर विकायची टोकनं. ह्यांच्याच जोरावर काही जण ‘तांदूळ खेचणारं’, म्हणजे चमत्कारानं तांदूळ स्वतःकडे ओढणारं, नाणं म्हणून लोकांना लाखांना बुडवतात. दुसरी वस्तू त्यानं मला त्या दिवशी दाखवली नाही. ती गोष्ट पुढे येईल.

पेटी

अण्णांची पत्र्याची ट्रंक माजघरात होती. वादळाच्या रात्री तिच्यात पाणी गेलं होतं. झाकण उघडल्यावर आधी वास आला, नव्या रेक्झिनसारखा, गोडसर. मला तो लगेच कळला, कारण ती चूक माझी होती. १९९८ साली मीच अण्णांना मऊ प्लास्टिकच्या पानांचे दोन अल्बम भेट दिले होते. तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं की असलं पीव्हीसी काही वर्षांनी पाझरायला लागतं आणि त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं. त्यात आपली खारी, दमट हवा. पैसे, पाव आणे, मराठेशाहीतल्या तांब्याच्या दुदांडी शिवराया, सगळ्यांवर हिरवा चिकट थर. काहींवर फिकट हिरवी भुकटी होती. ती नखानं काढली की खाली खड्डा. हा तांब्याचा क्षयच. क्षार आणि ओल मिळत राहिली की आतून पोखरतच जातो.

चिकट थर ॲसिटोननं निघाला, तो धातूला धक्का लावत नाही. खड्ड्यांना मात्र औषध नाही. अण्णांनी मंडणगडच्या बाजारातून एकेक वेचून आणलेल्या अकरा शिवराया माझ्या भेटीनं खाल्ल्या. वहिनींना, म्हणजे अण्णांच्या पत्नीला, हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही प्रेमानंच दिलंत की.” त्यानं मला जास्त लागलं.

चांदी लाकडी कप्प्यांच्या दुसऱ्या पेटीत होती, अण्णांनीच सुताराकडून करून घेतलेल्या, म्हणून वाचली. सात सोडून. ते सात पुतण्यानं फोटो चांगले यावेत म्हणून चिंच आणि राखेनं घासले होते. घरात तांब्या-पितळ असंच घासतात, त्याला वाटलं नाण्यालाही तेच. राणीच्या केसांच्या बटा, मुकुटावरची नक्षी, शंभर-दीडशे वर्षांत चढलेली करडी झाक, सगळं राखेत गेलं. जुन्या चांदीची ती झाक हीच तिची कातडी, आणि नाणं पारखणारा आधी तीच बघतो.

पेटीच्या तळाशी वही होती. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, अण्णांच्या वर्गातल्या हजेरीपटासारखी आखलेली. रकाने चार: काय, कुठे, कितीला, शेरा.

वही

आता थोडं थांबून सांगावं लागेल, कारण सगळं प्रकरण ह्या वहीवर फिरलं.

राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असलेला चांदीचा रुपया, वजनाला एक तोळा, ११.६६ ग्रॅम. १८३३ साली कंपनी सरकारनं तोळा १८० ग्रेनचा ठरवला, तेच रुपयाचं वजन. बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. सोनाराला एवढं पुरतं. त्याच्या लेखी सगळे रुपये सारखे.

पण १८६२ साल घातलेले रुपये एकट्या १८६२ त पाडलेले नाहीत. पुढे १८७४ पर्यंत टांकसाळींनी साल तेच ठेवलं. मुंबईच्या टांकसाळीनं मात्र सालाच्या वर-खाली मोहरीहून बारीक ठिपके घालून वर्षं वेगळी केली. वर एक, खाली काही नाही. वर काही नाही, खाली चार. असे कितीतरी मेळ, त्यातले काही सहज मिळणारे, काही फार विरळ. साध्या डोळ्यांना ते घाण किंवा झीज वाटतात. दहापट भिंग आणि खिडकीतला तिरपा उजेड लागतो.

अण्णांच्या वहीत ह्या ठिपक्यांची २२ पानं होती. प्रत्येक नाण्याचं एक वर्तुळ, दौतीच्या निळ्या शाईनं काढलेलं, आणि त्यात ठिपके जागच्या जागी. शेजारी: ‘खेड, सोनाराकडे मुशीत जाताना उचलला.’ ‘चिपळूण, भंगारवाला, त्याला भिंग दाखवलं तर हसला.’ ‘दापोली, विद्यार्थ्याच्या आजीनं दिला, पैसे घेईना, मग तिच्या नातवाला दप्तर.’ त्या शेवटच्या नोंदीत ‘कितीला’च्या रकान्यात दप्तराची किंमत लिहिली होती.

परदेशी नाण्यांचा बिस्किटाचा डबा वेगळा. ही सगळी दाभोळ, हर्णै, बाणकोट पट्ट्यातल्या खलाशांनी आणि आखातात गेलेल्या माणसांनी दिलेली. पूर्व आफ्रिकेचा शिलिंग, त्यावर सिंह आणि मागे डोंगर. कुवेतचे फिल्स, त्यावर गलबत. बाजारात ह्यांना किंमत नाही म्हटलं तरी चालेल. वहिनींनी गलबताचं एक नाणं उचललं, पदरानं पुसलं आणि बाजूला ठेवलं. “आमच्या दादानं आणलेलं. पहिल्यांदा गेला तेव्हा.” वहीत पाहिलं तर होतंच: ‘मेहुण्याकडून. कितीला: फुकट. शेरा: परत गेला.’

आणि एका कापडी पुरचुंडीत चांदीच्या दोन वाकवलेल्या तारा. पुतण्याला त्या नाणी वाटल्याच नव्हत्या, वहिनींनाही नाही. “मला वाटायचं अंबाड्याचे आकडे. लावून बघितले एकदा, राहत नाहीत हो.” त्या लारी. इराणातल्या लार शहरावरून नाव पडलेलं हे नाणं. आखातापासून मालदीव-सिलोनपर्यंतच्या समुद्री व्यापारात चालायचं. विजापूरच्या आदिलशाहीनं कोकण किनाऱ्यावर ते पाडलं, आणि दाभोळ हे त्या बादशाहीचं मोठं बंदर. तार मधोमध दुमडायची, चपटी करायची, वर फारसी अक्षरांचा शिक्का मारायचा, झालं नाणं. ज्या खाडीतून मी फेरीबोटीनं आलो त्याच खाडीत ह्या तारांनी घोडे आणि कापड विकत घेतलं गेलं असेल. वहीत: ‘लारी २ नग, दाभोळ, १९८४, मोडीच्या भावानं.’

ही नोंद कायद्याच्या दृष्टीनंही कामाची निघाली. गावात कुजबुज होतीच की गुरुजींना माडाच्या आळ्यात हंडा सापडला होता आणि राखणदारानं म्हणूनच मूल दिलं नाही. लोक काय, बोलतात. पण जमिनीत सापडलेलं धन असतं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांच्या वरचं काहीही कलेक्टरला कळवावं लागलं असतं. इथे प्रत्येक नाण्याचा माग कागदावर होता.

तीन भाव

पुतण्याला मी एकच अट घातली, दिवाळीपर्यंत काही विकायचं नाही आणि काही घासायचं नाही. तोवर तीन ठिकाणी भाव काढला.

पहिला तालुक्यातल्या सोनाराचा. तेव्हा चांदी किलोला ७०-७२ हजारांच्या आसपास. ५७ पैकी पूर्ण चांदीचे रुपये ३८ निघाले, त्यांचे त्यानं २६,००० सांगितले. उरलेले १९ हे १९४० ते १९४५ मधले. युद्धाच्या काळात चांदी निम्म्यावर आणली होती. पुतण्याला हे माहीत नव्हतं, त्यानं सगळे एका भावात धरले होते. त्या १९ चे सोनारानं नाक मुरडत ५,५०० म्हटले. एकूण ३१,५००. वाघाचं चित्र असलेले १९४७ चे चार रुपये निकेलचे. लोहचुंबक लावला तर टक्कन चिकटले, आणि पुतण्याचा चेहरा उतरला.

दुसरा भाव पुतण्याच्या मामेभावाचा, दुबईहून. “इकडे दुप्पट मिळतील, येतो तेव्हा बॅगेत टाकून नेतो.” मी स्पष्ट नाही म्हटलं. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर पकडला गेला तर छप्पर राहिलं बाजूला, पोराची नोकरी जाईल.

तिसरा मुंबईत. दिवाळीनंतर पुतण्याला घेऊन मी एका जुन्या, परवानाधारक व्यापाऱ्याकडे गेलो. ३८ पैकी १८६२ चे २३ रुपये अण्णांच्या वहीप्रमाणे लावून ठेवले. त्यानं आधी पाच-सहा नाणी भिंगाखाली घेतली, वहीशी ताडून पाहिली, मग उरलेली फारशी बघितलीच नाहीत. वही वाचत बसला. चहा थंड झाला.

“२३ चे ४१,०००,” तो म्हणाला. उरलेल्या १५ पैकी ८ चांगल्या रुपयांना हजारप्रमाणे ८,०००. घासलेल्या सातांवर त्यानं नजर टाकली आणि ६५० प्रमाणे ४,५५०, म्हणजे निव्वळ चांदीचा भाव. निम्म्या चांदीच्या १९ ना ८,५००. बेरीज ६२,०५०.

पुतण्याचं लक्ष काचेच्या कपाटाकडे होतं. तिथे तसाच ठिपक्यांचा एक रुपया, खाली चिठ्ठी: ३,५००.

“मग आमच्याला सरासरी अठराशे का?”

“तो अडीच वर्षं तिथेच आहे,” व्यापारी म्हणाला. “घेऊन जातोस का?”

एवढ्या एका वाक्यात सगळा धंदा आला. काचेतली किंमत ही मागणी असते, मिळकत नव्हे. दुकानाचं भाडं, अडकलेला पैसा, आणि चार वर्षांनी येणारं एक गिऱ्हाईक, ज्याला नेमके तेच ठिपके हवे असतात. ज्याला नाण्यांतून कमवायचं त्याला घेतानाच विकायची किंमत ठाऊक हवी. अण्णांना ती कधीच ठाऊक नव्हती आणि त्यांचं काही अडलं नाही.

परतीच्या एसटीत मी वहीतली पहिली नोंद काढून हिशोब केला, जुनी सवय. १९८१, एक राणीछाप, ३५ रुपये. सोनाराच्या भावानं त्याचे आज ६८४, म्हणजे ४२ वर्षांत चक्रवाढीनं सालाला सव्वासात टक्के. ठिपके ओळखून लावल्यामुळे १,७८३, पावणेदहा टक्के. १९८१ साली आमच्याच बँकेत पाच वर्षांच्या ठेवीला दहा टक्के मिळत होते. पुढे व्याज उतरत गेलं हे खरं, पण बँकेतल्या ठेवीसाठी अण्णांना रविवारी उन्हात चिपळूणच्या भंगारवाल्याकडे बसावं लागलं नसतं, आणि प्लास्टिकनं तिला कीडही लागली नसती. ठिपक्यांच्या त्या २३ रुपयांना व्यापाऱ्यानं सोनारापेक्षा सुमारे २५,००० जास्त दिले, ही त्या २२ पानांची मजुरी. चाळीस वर्षांच्या रविवारांना भागून बघा. हिशोब लिहून मी पुतण्याला दाखवला. त्यानं बराच वेळ बघितला आणि विचारलं, “पण त्यांना मजा आली असेल ना?” ह्या रकान्यात काय लिहायचं, ते मला कॅशियर म्हणून येत नाही.

काय विकलं, काय नाही

चांदीचे सगळे रुपये विकले. ह्यावरून माझे दोन मित्र माझ्यावर नाराज आहेत: अण्णांचा संग्रह मोडला म्हणून. मला तसं वाटत नाही. छपराला पैसा हवा होता आणि अण्णांनी स्वतः ही नाणी मुशीतून वाचवली होती, मूर्तीसारखी पुजली नव्हती. ती आता दुसऱ्या कुणाच्या भिंगाखाली गेली. ६२,०५० त पडवी झाली, मागची बाजू अजून बाकी आहे.

लारींना व्यापाऱ्यानं दोन्ही मिळून ५,००० सांगितले. दाभोळची एवढी जुनी खूण आणि किंमत चांगल्या मिक्सरएवढी, ह्याचं पुतण्याला फार आश्चर्य वाटलं. जुनं म्हणजे महाग, हा समज तिथे कायमचा गेला. विकायच्या की नाहीत ते वहिनींवर सोडलं. त्यांनी पुरचुंडी परत बांधली. वहीलाही व्यापाऱ्यानं ५,००० म्हटलं होतं, तेव्हा त्या फोनवर फक्त “नको” म्हणाल्या.

आणि ती न दाखवलेली वस्तू. मुंबईत, पैसे मोजून झाल्यावर, पुतण्यानं खिशातून कागदाची घडी काढली. आत १९३९ चा रुपया. हे साल जाणकारांचं स्वप्न. त्या सालचे रुपये फार थोडे बाहेर आले, खरा असेल तर लाखाच्या घरात जातो. ह्यानं तो आदल्या वर्षी मोबाइलवरून १८,००० ला घेतला होता, दिवाळीचा बोनस आणि थोडं उसनं. वजन बरोबर, आवाज बरोबर, चुंबकाला चिकटत नाही. व्यापाऱ्यानं भिंग लावलं, दहाएक सेकंद बघितलं आणि मलाही बघायला दिलं. शेवटच्या आकड्याचं खालचं पोट कुणीतरी सुईसारख्या हत्यारानं कापलं होतं. कडेला धातू किंचित उचललेला, तळावर ओरखडे. ‘८’ चा ‘९’ केलेला. रुपया अस्सल, चांदी अस्सल, साल तेवढं खोटं.

“हा अडतीस आहे,” व्यापारी म्हणाला, आणि परत केला.

गेल्या मे महिन्यात आंब्याची पेटी द्यायला पुतण्या गुहागरला आला, तेव्हा वही घेऊन आला होता. लाकडी पेटीत अण्णांनी १९३९ साठी एक कप्पा मोकळा ठेवलेला होता आणि वहीत त्याचं पान: ‘मिळाला नाही. घाई नाही.’ त्याखाली आता दुसऱ्या अक्षरातली नोंद होती, बॉलपेननं, रकाने धरून.

काय: रुपया, १९३८, ९ कोरलेला.
कुठे: मोबाइल.
कितीला: १८,०००.

शेऱ्याचा रकाना रिकामा होता. तिथे काय लिहायचं असतं, हे विचारायला तो आला होता. त्याच्या शर्टाच्या खिशात दहापट भिंग होतं.